फर्नेसचा धूर जातो कुठे आणि हवा येते कुठून: अमेरिकेत घर घेण्यापूर्वी करावयाची तपासणी

न्यू जर्सीत आम्ही घर घेत होतो तेव्हाची गोष्ट आहे. १९६४ साली बांधलेले स्प्लिट लेव्हल, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या मजल्याच्या पातळ्यांचे घर होते, जाहिरातीत 'नवी फर्नेस' (फर्नेस म्हणजे गॅस जाळून सगळे घर तापवणारे यंत्र) असे ठळक अक्षरांत लिहिले होते, आणि बेसमेंटमध्ये खरोखरच ९५ टक्के कार्यक्षमतेची नवीकोरी फर्नेस उभी होती. विकत घेण्यापूर्वी घर तपासणाऱ्या इन्स्पेक्टरने तिच्याकडे जेमतेम दोन मिनिटे पाहिले आणि तो शेजारच्या जुन्या वॉटर हीटरपाशी जाऊन थबकला. हीटरच्या माथ्यावर पाण्याचे नळ जिथून निघतात तिथे निळ्या आणि तांबड्या प्लास्टिकच्या दोन चकत्या असतात. त्या दोन्ही मेणासारख्या वितळून एका अंगाला ओघळल्या होत्या. त्याने आम्हाला वर पाठवून कपड्यांचा ड्रायर, न्हाणीघरांतले पंखे आणि स्वयंपाकघरातला धूर ओढणारा हुड चालू करायला सांगितले, हीटरचा बर्नर पेटवला आणि दंतवैद्याकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा ड्राफ्ट हुडच्या, म्हणजे धुराच्या नळीखालच्या उघड्या फटीच्या, कडेला धरला. आरसा क्षणात धुकटला आणि पाच मिनिटांनंतरही तसाच राहिला. हीटरचा धूर चिमणीत न जाता बेसमेंटमध्ये उतरत होता. "हे त्या नव्या फर्नेसचेच काम आहे," असे तो म्हणाला, तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता.

घर पाहताना आपण फर्नेसचे वय विचारतो, वॉरंटी विचारतो, पण ती श्वास कसा घेते हे विचारत नाही. जळण्यासाठी हवा कुठून येते आणि जळून झालेला वायू कुठून बाहेर पडतो, या दोन प्रश्नांची उत्तरे घराच्या इतिहासात दडलेली असतात, कारण बहुतेक धोकादायक दोष यंत्र जुने झाल्यामुळे येत नाहीत. कोणीतरी यंत्राच्या भोवतालचे काहीतरी बदलले आणि त्याचा श्वासावर काय परिणाम होईल याचा विचार केला नाही, म्हणून ते येतात. अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना इन्स्पेक्टरबरोबर फिरताना काय पाहावे आणि काय विचारावे हे कळावे, एवढ्यासाठी पुढील क्रम दिला आहे. यातले सगळे काम डोळ्यांनी पाहण्याचे आहे. फर्नेसचे पॅनेल उघडणे, गॅसची जोडणी सोडवणे किंवा नळी हलवून पाहणे हे परवानाधारक तंत्रज्ञाचे काम आहे आणि ते त्याच्यावरच सोडावे.

पहिली पायरी: फर्नेसची पिढी ओळखणे

नळीचे नियम फर्नेसच्या प्रकारावर ठरतात, म्हणून आधी प्रकार ओळखावा. सर्वांत जुन्या पिढीत पंखा नसतो. गरम वायू हलका असल्याने तो आपोआप वर चढतो, आणि फर्नेसवर किंवा तिच्या अंगाला ड्राफ्ट हुड नावाची उघडी फट असते, जिच्यातून खोलीतली हवाही धुराबरोबर ओढली जाते. १९९२ साली अमेरिकेत किमान ७८ टक्के कार्यक्षमतेची अट आल्यानंतर ही पिढी बाजारातून हटली, तरी जुन्या घरांत ती अजून भेटते. दुसरी पिढी ८० टक्क्यांची. हिच्यात एक छोटा पंखा हीट एक्स्चेंजरमधून, म्हणजे जळत्या वायूची उष्णता घरातल्या हवेला देणाऱ्या धातूच्या भागातून, वायू ओढतो, पण पुढे धातूच्या नळीतून तो स्वतःच्या उष्णतेनेच वर जातो. तिसरी पिढी ९० टक्क्यांच्या पुढची. तिची नळी प्लास्टिकची असते, बहुधा दोन नळ्या असतात, एक हवेची आणि एक धुराची, आणि त्या छपराऐवजी भिंतीतून बाहेर निघतात. कॅनडात २०१० पासून नवी गॅस फर्नेस याच पिढीची घ्यावी लागते.

या पिढ्यांमधला खरा फरक पाण्याचा आहे. १,००,००० बीटीयू (बीटीयू हे उष्णतेचे माप) इतका नैसर्गिक वायू जाळला की सुमारे चार लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. पहिल्या दोन पिढ्यांत ही वाफ छपराबाहेर पडेपर्यंत वाफच राहिली पाहिजे, नाहीतर ती आम्लयुक्त पाणी होऊन धातू आणि विटा खाते. तिसऱ्या पिढीत मात्र तिचे पाणी मुद्दामच केले जाते, त्यातली उष्णता काढून घेतली जाते आणि ते पाणी गटारात सोडले जाते. हे एक ध्यानात राहिले की पुढचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

दुसरी पायरी: धातूच्या नळीचा माग काढणे

बॅटरी हातात घेऊन फर्नेसपासून नळी जिथे दिसेनाशी होते तिथपर्यंत तिच्याबरोबर चालत जावे. आडव्या नळीला यंत्रापासून चिमणीकडे चढ असला पाहिजे, दर फुटाला किमान पाव इंच. फोनमधल्या पाणसळीने हे मिनिटभरात कळते. नळी मध्येच झोळीसारखी खाली आली असेल तर तिथे पाणी साचते आणि ती तळाकडून गंजते. अशा ठिकाणी सांध्याखाली तपकिरी ओघळ किंवा पांढरी भुकटी दिसते. एकेरी पत्र्याच्या नळीच्या प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू असावेत. स्क्रूऐवजी राखाडी कापडी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली, तर ती उष्णतेने सुकून सुटणार हे नक्की समजावे. कोणीतरी ड्रायरची लवचिक चंदेरी नळी धुरासाठी वापरली आहे असेही कधीकधी आढळते. ही चूक हसण्यासारखी वाटली, तरी ती जिवावर बेतणारी असते.

अंतराचे नियम दोन आहेत. एकेरी पत्र्याची नळी लाकडापासून आणि अन्य जळाऊ वस्तूंपासून सहा इंच दूर हवी, आणि दुहेरी पत्र्याची बी-व्हेंट एक इंच. बी-व्हेंटच्या अंगावर हे अंतर छापलेले असते. माळ्यावर मात्र हा एक इंच अनेकदा हरवलेला असतो, कारण नंतर कोणीतरी छताला इन्सुलेशन, म्हणजे थंडी रोखणारा थर, फवारते आणि ते नळीला सर्व बाजूंनी चिकटून बसते. माळ्यावर जाण्याचा कंटाळा करू नये, कारण तिथे नळीचा एखादा सांधा सुटून सगळा धूर माळ्यातच पसरत असल्याचेही आढळते आणि खालच्या मजल्यावर त्याचा मागमूसही लागत नाही. छपराच्या बाहेर बी-व्हेंटला टोपी आहे का, चिमणी छपरातून जिथे निघते तिथे किमान तीन फूट उंच आणि दहा फुटांच्या आतल्या कोणत्याही भागापेक्षा दोन फूट उंच आहे का, हे जमिनीवरून दुर्बिणीनेही पाहता येते.

तिसरी पायरी: चिमणी आणि अनाथ वॉटर हीटर

आता आमच्या घराचे कोडे उलगडते. पूर्वी त्या घरात जुनी फर्नेस आणि वॉटर हीटर दोघे मिळून एकच विटांची चिमणी वापरत असत. फर्नेस मोठी असल्याने ती चिमणी तापवून ठेवी, आणि त्या गरम चिमणीत हीटरचा धूरही सहज वर जाई. मग घरमालकाने नवी फर्नेस बसवली, तिची प्लास्टिकची नळी भिंतीतून बाहेर काढली, आणि ४०,००० बीटीयूचा हीटर त्या भल्यामोठ्या थंड चिमणीत एकटाच उरला. व्यवसायातली माणसे अशा हीटरला चक्क 'अनाथ' म्हणतात. भट्टी विझलेल्या कारखान्याच्या धुराड्यात उदबत्ती लावल्यासारखा हा प्रकार असतो. धूर अर्ध्या वाटेत थंडावतो, वाफेचे पाणी होते, आणि राहिलेला वायू परत खाली येतो.

याला मोजमाप आहे. चिमणीच्या आतल्या पोकळीचे क्षेत्रफळ हीटरच्या धुराच्या तोंडाच्या क्षेत्रफळाच्या सातपटीपेक्षा अधिक असू नये असा नियम आहे. तीन इंच व्यासाच्या नळीचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस इंच, त्याची सातपट ४९. आठ बाय बारा इंचांच्या नेहमीच्या मातीच्या अस्तराची आतली पोकळी जवळजवळ ७० चौरस इंच भरते. म्हणजे एकट्या हीटरसाठी ती चिमणी फारच मोठी. घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या आणि तीन बाजूंनी थंडी खाणाऱ्या चिमणीत तर परिस्थिती आणखी बिकट होते.

खुणा शोधायच्या त्या अशा. चिमणीच्या विटांवर पांढरे क्षार फुटलेले असतात, विटांचे पापुद्रे सुटतात, तळाच्या सफाईच्या दारात मातीच्या अस्तराचे तुकडे पडलेले असतात. हीटरच्या माथ्यावर गंजाचे खवले, ड्राफ्ट हुडच्या बाजूला काळा डाग आणि त्या वितळलेल्या प्लास्टिकच्या चकत्या दिसल्या, तर धूर मागे फिरतो आहे याचा तो लेखी पुरावा मानावा. उपाय मुख्यतः दोन आहेत. चिमणीत योग्य मापाची धातूची नळी अस्तर म्हणून उतरवणे, किंवा हीटरही स्वतःचा पंखा असलेला किंवा विजेचा घेऊन चिमणी कायमची बंद करणे. 'इतकी वर्षे चालले आहे' हे ठेकेदाराचे उत्तर इथे ग्राह्य धरू नये, कारण नवी फर्नेस बसली त्या दिवसापासून जुन्या वर्षांचा हिशेब संपलेला असतो.

चौथी पायरी: प्लास्टिकच्या नळ्या

पांढऱ्या पीव्हीसी नळीतून तिसऱ्या पिढीचा धूर जातो, तो तुलनेने थंड असतो म्हणून. साध्या पीव्हीसीची सहनशक्ती ६० अंश सेल्सियसच्या आसपास संपते आणि सीपीव्हीसी या अधिक उष्णता सोसणाऱ्या प्रकाराची ९० अंशांच्या. म्हणून ८० टक्क्यांच्या फर्नेसला किंवा साध्या वॉटर हीटरला पीव्हीसी जोडलेली दिसली, तर पुढचे काही पाहायची गरज नाही. ती फर्नेस चालू करू नये. पीव्हीसी पिवळसर तपकिरी पडली असेल किंवा आधारांच्या मध्ये लोंबत असेल, तर ती आधीच तापून मऊ झाली आहे. कॅनडात धुराच्या प्लास्टिक नळीवर एस-६३६ हा शिक्का हवा, आणि एकाच कंपनीची नळी, जोडण्या आणि सिमेंट वापरावे लागते.

इथे चढाची दिशा उलटते. धुराची नळी फर्नेसकडे उतरती असावी, साधारणपणे दर फुटाला पाव इंच, म्हणजे तिच्यात जमलेले पाणी परत फर्नेसमध्ये येऊन तिथून निचऱ्याला लागते. मध्येच झोळ असेल तर पाणी नळी अडवते, फर्नेस गुरगुरते आणि वारंवार बंद पडते. सांध्यांना प्रायमरचा जांभळा डाग आणि सिमेंट दिसायला हवे. नुसते कोरडे बसवलेले सांधे मी दोन घरांत पाहिले आहेत, आणि ते धोक्याचे असतात कारण या नळीत दाब बाहेरच्या दिशेने असतो, फट असली की धूर खोलीत ढकलला जातो.

जुन्या घरांत एक खास शोध घ्यावा. १९८० आणि ९० च्या दशकांत काही फर्नेस आणि बॉयलरांना उच्च तापमानाच्या राखाडी किंवा काळ्या प्लास्टिक नळ्या बसवल्या गेल्या. त्यांच्यावर प्लेक्सव्हेंट किंवा अल्ट्राव्हेंट ही नावे असत. त्या तडकतात आणि सांध्यांत सुटतात असे दिसल्यावर १९९८ साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सुमारे अडीच लाख यंत्रणांसाठी त्या बदलून देण्याचा कार्यक्रम जाहीर केला. त्या कार्यक्रमाची मुदत केव्हाच संपली, पण काही नळ्या अजून भिंतीत आहेत. पीव्हीसी पांढरी असते, एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकची नळी काळी असते, म्हणून केवळ रंगावरून निष्कर्ष न काढता नळीवरची छापील अक्षरे वाचावीत.

पाचवी पायरी: घराबाहेरून प्रदक्षिणा

घराला एक पूर्ण फेरी घालावी आणि प्रत्येक नळीचे तोंड शोधून तिच्यासमोर उभे राहावे. सर्वसाधारण नियम असा की धुराचे तोंड जमिनीपासून किमान बारा इंच वर हवे, आणि बर्फाच्या प्रदेशात ते बारा इंच अपेक्षित बर्फाच्या थरापासून मोजावेत. खोलीतील हवा वापरणाऱ्या पंख्याच्या यंत्राचा धूर दारे-खिडक्यांच्या बाजूला किंवा खाली निघत असेल तर चार फूट अंतर ठेवावे लागते, वर निघत असेल तर एक फूट. बाहेरची हवा घेणाऱ्या दोन नळ्यांच्या यंत्रांना ही मापे कमी असतात, आणि अंतिम शब्द नेहमी उत्पादकाच्या पुस्तिकेचा असतो. ती पुस्तिका फर्नेसच्या मॉडेल क्रमांकावरून फोनवर लगेच सापडते. ती उघडून इन्स्पेक्टरच्या हातात द्यावी, तो रागावत नाही.

बर्फाचा नियम कागदी नाही. जानेवारी २००५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ येथे वादळात साचलेल्या बर्फाने एका घराच्या हीटिंग यंत्रणेची भिंतीतली नळी बुजली आणि सात वर्षांच्या एका मुलीचा कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने मृत्यू झाला. तिच्या नावाने झालेला 'निकोल्स लॉ' ३१ मार्च २००६ पासून लागू आहे आणि तो राहत्या घरांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा करतो. त्या राज्यात भिंतीतून निघणाऱ्या अशा गॅसच्या नळीच्या वर, आठ फूट उंचीवर, 'खाली गॅसची नळी आहे, अडथळा ठेवू नका' अशा अर्थाची इंग्रजी पाटी लावावी लागते, ती बर्फ उपसणाऱ्याला नळी कुठे आहे ते कळावे म्हणून.

हवा आणि धूर यांची तोंडे एकमेकांच्या फार जवळ असली तर फर्नेस स्वतःचाच उच्छ्वास परत आत घेते. हिवाळ्यात हवेच्या तोंडावर बर्फाची दाढी लोंबलेली दिसली, तर आत जाणारी हवा दमट आहे, म्हणजे ती धुराचीच आहे असे ओळखावे. धुराचे तोंड साधारणपणे हवेच्या तोंडापेक्षा वर आणि भिंतीपासून दूर वळलेले असते. हवेच्या तोंडात कोणीतरी प्रेमाने बारीक डासजाळी बसवलेली असेल, तर तिच्यावर आधी पाने आणि मग हिम चिकटून हवा बंद होते. ड्रायरचे तोंड हवेच्या नळीच्या शेजारी असेल तर कपड्यांचा तंतू आणि ब्लीचचा क्लोरिनयुक्त वास आत ओढला जातो, क्लोरिनपासून ज्वालेत आम्ल बनते आणि ते हीट एक्स्चेंजर खाते. त्याच कारणाने फर्नेसच्या खोलीत ब्लीचचे आणि रंगाचे डबे ठेवू नयेत. आणि नंतर बांधलेला लाकडी डेक पाहावा. त्याच्याखाली एखाद्या नळीचे तोंड कोंडले गेलेले अनेकदा सापडते.

धूर दुसऱ्याच यंत्रणेच्या हवेत मिसळला तर काय होते याचे एक उदाहरण क्रीडारसिकांना आठवत असेल. टेनिसपटू व्हिटास गेरुलायटिस १९९४ साली लाँग आयलंडवरच्या साउदॅम्प्टन येथे मित्राच्या आवारातल्या पाहुण्यांच्या छोट्या घरात झोपला असताना मरण पावला. पोहण्याच्या तलावाचे पाणी तापवणारा हीटर चुकीच्या पद्धतीने बसवला होता आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड त्या घरात शिरला होता.

सहावी पायरी: हवेचा हिशेब

मराठी घरांत सर्वाधिक चुका होतात त्या इथे, आणि त्या बहुधा आपण स्वतःच घर घेतल्यानंतर करतो. आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी येणार म्हणून बेसमेंटमध्ये खोली काढली जाते. पूर्वी सताड उघड्या बेसमेंटमध्ये उभी असलेली फर्नेस आणि हीटर मग आठ बाय आठ फुटांच्या कपाटवजा खोलीत कोंडले जातात, आवाज नको म्हणून दार भरीव लावले जाते आणि दाराखालची फटही पट्टीने बंद केली जाते. खोली सुंदर होते, पण यंत्रांचा श्वास कोंडतो.

हिशेब कठीण नाही. खोलीतल्या हवेवर चालणाऱ्या यंत्रांसाठी दर १,००० बीटीयूमागे ५० घनफूट जागा लागते. फर्नेस ८०,००० आणि हीटर ४०,००० बीटीयूचा असेल तर एकूण १,२०,००० बीटीयू, म्हणजे ६,००० घनफूट. आठ फूट उंचीच्या बेसमेंटमध्ये याला ७५० चौरस फूट मोकळी जागा हवी. आपली आठ बाय आठची खोली भरते ५१२ घनफूट. अशा खोलीला शेजारच्या मोठ्या जागेत उघडणारी दोन भोके लागतात, एक छतापासून बारा इंचांच्या आत आणि दुसरे जमिनीपासून बारा इंचांच्या आत, प्रत्येक भोक दर १,००० बीटीयूमागे एक चौरस इंच, आणि १०० चौरस इंचांपेक्षा कमी नाही. आपल्या उदाहरणात प्रत्येकी १२० चौरस इंच. पण त्यावर झडपेच्या पट्ट्या असतील तर लाकडी पट्ट्यांची मोकळी जागा पाव आणि धातूच्या पट्ट्यांची पाऊण धरतात, म्हणून लाकडी झडप ४८० आणि धातूची १६० चौरस इंचांची बसवावी लागते. दोन नळ्यांच्या फर्नेसला ही गरज नसते, मात्र तिच्या शेजारच्या साध्या हीटरला असते, हे विसरले जाते.

दुसरी गोष्ट आपल्या फोडणीची. मिरचीचा आणि मोहरीचा ठसका घरभर पसरू नये म्हणून आपण मोठा हुड घेतो, दुकानदारही ९०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ९०० घनफूट हवा बाहेर फेकणारा हुड मोठ्या कौतुकाने विकतो. वरच्या १,२०,००० बीटीयूच्या जोडीला केवळ जळण्यासाठी तासाला साधारण १,२०० घनफूट हवा पुरते, तर हा हुड तासाला ५४,००० घनफूट हवा घराबाहेर फेकतो, म्हणजे ४५ पट. ती हवा कुठूनतरी आत आलीच पाहिजे, आणि हिवाळ्यात सगळे बंद असताना तिला सर्वांत मोकळी वाट मिळते ती चिमणीची. चिमणीची ओढ फार नाजूक असते. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो, आणि घरातला दाब त्यापेक्षा जेमतेम पाच पास्कलने घटला तरी हीटरचा धूर उलटा फिरू शकतो. म्हणूनच बहुतेक राज्ये ज्या नमुना नियमावलीवर आपले नियम बेततात ती ४०० सीएफएमपेक्षा मोठ्या हुडसाठी भरपाईच्या हवेची सोय सांगते. घर पाहताना हुडचा आकडा विचारावा, आणि स्वतः नवा बसवणार असाल तर आधी हीटर कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे.

सातवी पायरी: उदबत्तीची परीक्षा

ही परीक्षा इन्स्पेक्टरकडून किंवा तंत्रज्ञाकडून करून घ्यावी आणि आपण शेजारी उभे राहावे. गॅसचा वास येत असेल तर काहीही पेटवू नये, थेट घराबाहेर जावे. घराच्या सर्व खिडक्या, बाहेरची दारे आणि फायरप्लेसची झडप बंद करावी. ड्रायर, न्हाणीघरांचे पंखे आणि हुड पूर्ण वेगाने चालू करावेत. फर्नेसचा पंखाही चालू ठेवावा, कारण गळक्या डक्टमुळे, म्हणजे खोल्यांत हवा नेणाऱ्या पत्र्याच्या मार्गांमुळे, तोही दाब बदलतो. मग वॉटर हीटर पेटवावा आणि पाच मिनिटे थांबून ड्राफ्ट हुडच्या कडेने पेटती उदबत्ती हळूहळू फिरवावी. धूर आत ओढला गेला तर ठीक. तो बाहेर ढकलला गेला, किंवा आरसा धुकटला, तर यंत्रणा नापास. पहिल्या मिनिटात थोडा धूर बाहेर येणे चालते, थंड चिमणीला तापायला तेवढा वेळ लागतो. आमच्या घरी दुसऱ्यांदा ही परीक्षा झाली तेव्हा इन्स्पेक्टरने सुगंध आवडल्याचे सांगून उरलेला पुडा मागून घेतला.

याच वेळी फर्नेसची परत येणाऱ्या हवेची डक्ट पाहावी. फिल्टरच्या खाचेवर झाकण नसेल किंवा डक्टच्या सांध्यांत फटी असतील, तर फर्नेसचा पंखा फर्नेसच्या खोलीतलीच हवा ओढून शयनगृहांत पोहोचवतो, आणि तिथे धूर सांडत असेल तर तोही. हवा ओढण्याचे तोंड बर्नर किंवा ड्राफ्ट हुडपासून दहा फुटांच्या आत, त्याच खोलीत असू नये.

आठवी पायरी: अलार्म

अलार्म लावावाच, पण त्याची मर्यादा जाणून. नेहमीच्या अलार्मचे मानक असे आहे की दशलक्षात ७० भाग कार्बन मोनॉक्साइड असेल तर तो १ ते ४ तासांत वाजतो, १५० भागांना १० ते ५० मिनिटांत आणि ४०० भागांना ४ ते १५ मिनिटांत. ३० भागांवर तो कित्येक दिवस गप्प राहू शकतो. घरात गरोदर स्त्री, तान्हे मूल किंवा हृदयविकाराचे वडीलधारे असतील तर कमी प्रमाणही दाखवणारा मॉनिटर घ्यावा. इलिनॉयमध्ये प्रत्येक शयनगृहापासून १५ फुटांच्या आत अलार्म हवा असा कायदा आहे. तो नसलेल्या राज्यातही ते अंतर पाळावे, आणि आई-बाबा बेसमेंटमध्ये झोपत असतील तर तिथेही एक लावावा. अलार्मच्या मागे मुदतीची तारीख असते. घरासोबत मिळालेला अलार्म बहुधा मुदत संपलेलाच असतो. डोकेदुखी, मळमळ आणि घराबाहेर पडताच वाटणारा आराम ही लक्षणे फ्लूसारखी भासतात. घरातल्या सगळ्यांना एकदमच होत असतील तर बाहेर पडून ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. गॅस गीझरच्या बंद न्हाणीघरात बेशुद्ध पडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात आपण वाचलेल्या असतात. कारण तेच आहे, फक्त इथे यंत्र बेसमेंटमध्ये असते आणि माणसे वर झोपलेली असतात.

नववी पायरी: अहवाल वाचणे आणि पुढचे बोलणे

होम इन्स्पेक्टर डोळ्यांनी पाहतो. तो हीट एक्स्चेंजर उघडत नाही आणि बहुधा धुरातला वायूही मोजत नाही. म्हणून अहवालात 'परवानाधारक तंत्रज्ञाकडून पुढील तपासणी करावी' असे सौम्य वाक्य आले, तर ते सौम्य समजू नये आणि करारातील तपासणीची मुदत संपण्यापूर्वी ती तपासणी करून घ्यावी. तंत्रज्ञाकडून ज्वलनाच्या विश्लेषणाचा छापील कागद मागावा. फर्नेसच्या धुरात अतिरिक्त हवा वजा करून कार्बन मोनॉक्साइड दशलक्षात ४०० भागांच्या आत असावा ही मर्यादा सर्रास वापरली जाते. नगरपालिकेत जाऊन त्या नव्या फर्नेसचे परमिट काढले होते का आणि अंतिम तपासणी झाली होती का हे विचारावे. आमच्या घराचे परमिट काढलेलेच नव्हते, आणि काढले असते तर चिमणीचा प्रश्न त्याच दिवशी समोर आला असता.

काही दोषांत थांबण्याचा प्रश्नच नसतो. धूर खोलीत सांडत असेल तर गॅस कंपनी यंत्राला लाल चिठ्ठी लावून ते बंद करते. ऑन्टारियोमध्ये तत्काळ धोक्याच्या दोषाला ए आणि मुदत देऊन दुरुस्त करायच्या दोषाला बी अशी विभागणी आहे. विकणाऱ्याने दुरुस्ती करावी की किमतीत सूट द्यावी, यात माझा कल सूट घेण्याकडे आहे, कारण घर सोडून जाणारा माणूस सर्वांत स्वस्त ठेकेदार बोलावतो. मात्र हे दोष ताबा घेतल्यानंतर, राहायला जाण्यापूर्वी दुरुस्त करावेत, आणि तोपर्यंत हीटरचा गॅस बंद ठेवावा.

आम्ही सूट घेतली. चिमणीत साडेपाच इंची अस्तर घालण्याऐवजी पंख्याचा नवा वॉटर हीटर घेतला, त्याची नळी भिंतीतून बाहेर काढली, चिमणीचे तोंड वरून आणि खालून बंद केले, आणि यावेळी परमिटही काढले. जुना हीटर उचलून नेणाऱ्या माणसाने माथ्यावरच्या त्या वितळलेल्या चकत्या बोटाने खरवडून पाहिल्या आणि या भागातल्या निम्म्या घरांत त्या अशाच असतात असे सहज सांगून गेला. त्या संध्याकाळी मी शेजारच्या देसाई काकांच्या बेसमेंटमध्ये बॅटरी घेऊन उतरलो.